मागच्या डाव्या सीटची घंटी

माझ्या मागच्या काचेवर नीट पाहिलेत तर एक फिकट चौकोन दिसेल. मित्रांनो, एके काळी तिथे ‘मला चालवून पाहा’ अशी मोठी पट्टी चिकटवलेली होती. पट्टी कधीच गेली, तिचा चिकटा तेवढा उरला आहे. माझा टोमॅटोसारखा लाल रंग उन्हाने विटला आहे आणि पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या टपावर कोंबड्या झोपतात. पण रडगाणे गायला मी तोंड उघडलेले नाही. मला माझ्या एका सीटची गोष्ट सांगायची आहे.

जन्माने मी चाकणची. तिथल्या कारखान्यात माझी दारे बसवणाऱ्या बायका जी भाषा बोलत होत्या, तीच माझ्या कानात राहिली, म्हणून तुमच्याशी याच भाषेत बोलते आहे. पण चाकणात मी धावले ती फक्त कारखान्याच्या अंगणात. तिथून ट्रेलर, मग जहाज, मग दक्षिण आफ्रिकेतले डर्बन बंदर, आणि तिथून डोंगर चढून लेडीस्मिथ गाव. माझे सारे आयुष्य तिथल्या झुलू माणसांत गेले. त्यांची भाषा शिकायला मला वेळ लागला, तरी एक शब्द पहिल्याच दिवशी ओळखीचा निघाला. तिथेही बापाला बाबाच म्हणतात.

माझ्याबरोबर आलेल्या बहिणी एकेक करून विकल्या गेल्या. मला मात्र ट्रायलसाठी ठेवून घेतले. ट्रायलच्या गाडीचे जिणे म्हणजे रोज दाखवण्याचा कार्यक्रम, आणि लग्न मात्र दुसऱ्याच कुणाचे. कुणी क्लच सोडताना आचके देई, कुणी रेडिओ कर्कश लावी, कुणी चिकनचा रस्सा लागलेल्या बोटांनी माझ्या काचा वरखाली करून बघे. सगळे झाले की खाली उतरून म्हणत, “बरी आहे. समोरची पण बघून येतो.”

समोरची म्हणजे रस्त्यापलीकडच्या शोरूममधली पांढरी. माझ्याच मापाची, माझ्याच किमतीची, माझीच वैरीण. खरे सांगायचे तर ती माझ्याहून दोन बोटे उंच होती, त्यामुळे खडीच्या रस्त्यावर तिचे पोट घासत नसे. तिची डिकीही मोठी होती. माझ्यापाशी काय होते? चढावर मी दम टाकत नसे, चिंचोळ्या गल्लीत एका दमात वळत असे आणि पेट्रोल बेताचे पीत असे. मेन्झी नावाचा आमचा विक्रेता या तीन गोष्टी अशा काही रंगवून सांगे की मला स्वतःचाच हेवा वाटे. मेन्झीची जीभ माझ्या इंजिनापेक्षा जास्त धावत असे.

पण माझ्यात एक खोट होती. मागच्या डाव्या सीटखाली एक तार कुठेतरी दबली होती. कुणी सीटवर बसले आणि पट्टा लावला नाही तर घंटी वाजावी, अशी सोय कंपनीने केलेली असते. माझी ती सीट मात्र इतकी हळवी निघाली की तिच्यावर पाव ठेवा, वर्तमानपत्र ठेवा, रिकामा डबा ठेवा, घंटी सुरू. पट्टा लावेपर्यंत थांबायचे नाव नाही. बाकी मी ठणठणीत होते, ब्रेकपासून दिव्यांपर्यंत कशात काही उणे नव्हते. पण ट्रायलच्या वेळी गिऱ्हाईक आपली पिशवी नेमकी त्याच सीटवर टाकत असे.

घंटी वाजली की मेन्झी हसून म्हणे, “तिथे कोणीतरी बसलंय, तुम्हाला दिसत नाही एवढंच!” त्याला वाटे, गंमत केली की खोट झाकली जाते. झाले उलटेच. एक बाई तर रोबोटपाशी, म्हणजे तिथल्या सिग्नलपाशी, दार उघडून उतरल्या आणि पायी निघून गेल्या. आमच्या शोरूमच्या मालकीण पिल्लेबाई रोज सकाळी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहत.

“मेन्झी, ही टोमॅटो माझ्याच गळ्यात राहणार बघ.”

“नाही हो बाई. डर्बनहून तार येऊ दे, बसवली की हिला पंख फुटतील.”

“आधी तुझी ती भुताची गंमत बंद कर. ती तारेपेक्षा महाग पडतेय मला.”

तार आली, ती पाकिटात तशीच कपाटात पडून राहिली, कारण वर्कशॉपमध्ये विकलेल्या गाड्यांची रांग असे. न विकलेलीकडे कोण बघतो? मला ते फार लागत असे. माझ्या नंतर आलेल्या गाड्या फुले लावून फाटकाबाहेर पडत आणि मी संध्याकाळी पुन्हा त्याच कोपऱ्यात उभी राही.

हिवाळ्यातल्या एका कोरड्या, पिवळ्या सकाळी बुयीसीवे सिथोले आली. तिला सगळे बुयी म्हणत. एकुवुकेनी गावच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि आसपासच्या वस्त्यांवर बाळंतपणे करायला जात असे. तिच्याबरोबर तिचे वडील होते. उंच, वाळलेले, हातात काठी, डोक्यावर तपकिरी टोपी. बुयी चक्क पांढरीत बसूनच आमच्या फाटकात शिरली. समोरच्या विक्रेत्याने तिला म्हटले होते, हीच घेऊन जा, दोघी शेजारी लावून बघ. इतकी त्याला खात्री होती! पांढरी माझ्या बाजूला येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या टायरांतली हवा गेल्यासारखे झाले.

“या, जोबे, या!” मेन्झी पुढे धावला. जोबे हे सिथोले घराण्याचे मानाचे नाव, मान देऊन बोलायचे तर तिथे घरातल्या कुणालाही त्याच नावाने हाक मारतात. “पुढे बसा, पाय मोकळे राहतील.”

“मी मागे बसेन,” बाबा म्हणाले.

ते चालकाच्या मागे बसले. रीतीप्रमाणे आत शिरताच टोपी काढली आणि शेजारच्या सीटवर ठेवली. बुयीने किल्ली फिरवली आणि माझी घंटी सुरू झाली.

मेन्झीच्या तोंडून सवयीने निघून गेले, “घाबरू नका, जोबे, तिथे कोणीतरी बसलंय, तुम्हाला दिसत नाही एवढंच!”

कुणीच हसले नाही. बुयीने आरशातून वडिलांकडे पाहिले. बाबा टोपीकडे बघत होते.

“कोण बसलंय म्हणालास?”

“गंमत हो, जोबे. तार दबलीय एक. गाडीला वाटतं, माणूस बसलाय आणि पट्टा लावला नाही. द्या ती टोपी इकडे, लगेच गप्प बसेल.”

“राहू दे,” बाबा म्हणाले. त्यांनी पट्टा ओढला, टोपीवरून नेला आणि खटका लावला. मी गप्प झाले.

मग माझी परीक्षा सुरू झाली. बुयी गंमत म्हणून गाडी बघायला आलेली नव्हती. क्लिप नदीच्या पुलावरून तिने मला हळू नेले, उतारावर ब्रेक करकचून दाबून बघितले, मग मुद्दाम खडीच्या रस्त्यावर घातले.

“पांढरी इथे एवढी आपटली नाही,” ती म्हणाली.

“सिसी,” मेन्झी म्हणाला, तिथे ताईला सिसी म्हणतात, “पांढरी आपटत नाही, कबूल. पण चढावर तिला विचारा, ती बसून घेते. आता बघा हं ही.”

“डिकीत काय मावेल? मला औषधांच्या पेट्या असतात, कधी आईसकट तान्हं बाळ असतं.”

“डिकीत पेट्या, सीटवर आई, आईच्या मांडीवर बाळ. बाळाला डिकीत घालू नका म्हणजे झालं!”

बुयीला हसू आले, पण ती बधणारी नव्हती. चढ मी झोकात चढले. माथ्यावर पोचलो तेव्हा तिने मनातल्या मनात पांढरीच निवडली होती. स्टिअरिंगवरच्या हातांवरून मला हे कळते. मन उठले की माणूस गाडी परक्याच्या भांड्यासारखी जपून धरतो.

“बुयी, गाडी बाजूला घे,” मागून बाबा म्हणाले.

तिने मला गवताच्या कडेला उभे केले. इंजिन बंद झाले.

“मुसाला आणायला गेलो होतो ना आम्ही?”

“हो, बाबा.”

“तो आला नाही.”

मित्रांनो, तिथली रीत अशी. माणूस घराबाहेर, रस्त्यावर वारला तर त्याचा आत्मा तिथेच घुटमळत राहतो. घरच्या माणसाने उम्फाफा झाडाची फांदी घेऊन तिथे जायचे. आपल्याकडच्या बोरीच्याच जातीचे ते काटेरी झाड. गेलेल्याला नावाने हाक मारायची, चल म्हणायचे, वाटेतले प्रत्येक वळण त्याला सांगत घरी न्यायचे, आणि फांदी पूर्वजांच्या झोपडीतल्या कोपऱ्यात ठेवायची. फांदी धरणाऱ्याने त्याच्याशिवाय कुणाशी अक्षर बोलायचे नाही. बोलला तर गेलेला तिथेच उतरून राहतो. मुसा हा बुयीचा धाकटा भाऊ. व्हॅन रीननच्या घाटात धुक्यात त्याचा ट्रक दरीत गेला होता.

“भाड्याची व्हॅन होती,” बाबा सांगू लागले. “सगळे भाऊबंद दाटीवाटीने बसलेले. त्याला जागाच नव्हती. फांदी मी दोन गुडघ्यांत धरली. घाटाखाली पंपावर थांबलो, सगळे खायला उतरले. कणसं विकणारी एक बाई खिडकीशी आली. म्हणाली, ‘सावुबोना, बाबा.’ आणि मी म्हणालो, ‘येबो, माई.’”

बुयीने डोळे मिटले.

“जन्मभराची सवय, पोरी. कुणी नमस्कार केला आणि मी तोंड फिरवलं, असं कधी झालं नाही. तोंडातून शब्द गेला आणि हातातली फांदी हलकी झाली. माझ्या हाताला कळलं ते.”

“आणि तुम्ही ती तशीच घरी आणलीत?”

“आणली. अंगणात सगळं गाव जमलेलं. बोकड कापून झाला होता. काय तोंडानं सांगू?”

“आई रोज त्या कोपऱ्याशी बोलते, बाबा.” बुयीचा आवाज चढला. “जेवलास का विचारते. थंडी पडली की तिथे घोंगडी ठेवते. आणि तिथे कोणीच नाही?”

“ऐकतो ना मी. रोज ऐकतो.”

मेन्झी काचेतून बाहेर गवताकडे बघत राहिला. माझ्या मागच्या सीटवर आजवर किती लोक बसले असतील, पण एवढा जड माणूस बसला नव्हता.

“पोरा,” बाबांनी मेन्झीला विचारले, “ती पांढरी अशी वाजते का?”

“नाही, जोबे. तिच्यात सगळं बरोबर आहे. तिला कळतं की ती नुसती टोपी आहे.”

शोरूममध्ये परत आल्यावर बाबा कुणाला न विचारता पांढरीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. टोपी शेजारी ठेवली आणि बुयीला किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन सुरू झाले. पांढरी शहाण्यासारखी गप्प राहिली. बाबा थोडा वेळ टोपीकडे बघत बसले, मग उतरून माझ्यापाशी आले आणि माझ्या टपावर तळहात ठेवला.

“ही.”

“बाबा, खडीवर ही घासेल. मला रोज त्याच रस्त्यावरून जायचंय. मी पांढरीतूनही त्याला आणेन. शेजारची सीट रिकामी ठेवू, कुणाला बसू देणार नाही.”

“ठेवशील तू, मला माहीत आहे. पण तिला टोपी ही टोपीच वाटते.”

“ही बिघडलीय, बाबा!”

“असू दे. व्हॅनमध्ये सगळे धडधाकट होते. त्याची जागा कुणी विचारली नाही. हिने विचारली.”

बुयी रागावलेली होती. दोन हिवाळे वडिलांनी हे पोटात ठेवले, याचा तो राग होता आणि तो माझ्या दारावर निघाला. तिने ते धाडकन लावले. मग दोन्ही गाड्यांच्या मध्ये ती पाठ करून उभी राहिली. पांढरीच सगळ्या बाजूंनी शहाणपणाची होती, हे तिला ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. शेवटी ती वळली आणि म्हणाली, “लाल घेते.”

आता नवेच संकट उभे राहिले. पिल्लेबाईंचा नियम होता की खोट दुरुस्त झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. त्यांनी लगेच कपाटातून तारेचे पाकीट काढले. “अर्ध्या तासाचं काम. बसा, चहा घ्या.”

मेन्झी त्यांना बाजूला घेऊन गेला. एरवी पाव तास बोलला असता, त्या दिवशी चार वाक्ये बोलला. बाईंनी काचेतून बाबांकडे पाहिले. टोपी हातात धरून ते माझ्याजवळ उभे होते, जणू कुणाच्या दारात आत बोलावण्याची वाट बघत.

“घंटी जास्त वाजते, ब्रेक कमी लागत नाही,” त्या म्हणाल्या. “कुणाचा जीव जाणार नाही. काम झालं की घेऊन या, मग बसवू तार. तोवर मला काही ऐकू आलेलं नाही.”

अशी मी विकली गेले. फुले लावायची कुणाला आठवण राहिली नाही, आणि मलाही तेव्हा त्याचे काही वाटले नाही.

पुढच्या शनिवारी पहाटे बाबांनी डोंगरावरून उम्फाफाची फांदी तोडून आणली. बुयीने फोन बंद करून माझ्या खणात टाकला. गाडीत ती दोघेच होती. आम्ही घाटात वर गेलो नाही. मुसा घाटाखालच्या पंपावर उतरला होता, म्हणून त्याला तिथूनच घ्यायचे होते.

पंपावर ट्रकांची गर्दी होती. तेलाचा, तळलेल्या पावांचा आणि भाजलेल्या कणसांचा वास एकत्र येत होता. बाबा फांदी घेऊन हवा भरायच्या जागेपाशी उभे राहिले. माझी काच उघडी होती, म्हणून मी ऐकले.

“मुसा. जोबे. माझ्या पोरा. मी त्या दिवशी बोललो. तुला वाटलं असेल, बापाला तुझ्यापेक्षा एका नमस्काराची पडलीय. तसं नव्हतं रे. चल आता. या गाडीत तुला जागा आहे.”

ते वळले. तेवढ्यात शेगडीमागून एक बाई हातातला चिमटा हलवत मोठ्याने म्हणाली, “सावुबोना, बाबा!”

ती तीच होती की दुसरी, मला ठाऊक नाही. बाबांचे ओठ हलले. मान तिच्याकडे वळू लागली. साऱ्या आयुष्यात ज्याने नमस्कार परत केल्याशिवाय पाऊल उचलले नव्हते, त्याने दात आवळले आणि मान जागीच धरली. बुयीने स्टिअरिंग इतके घट्ट धरले की तिची नखे मला रुतली. मग त्या बाईची नजर फांदीवर गेली. तिने चिमटा खाली ठेवला, खांद्यावरची शाल डोक्यावर घेतली आणि डोळे जमिनीला लावून मागे सरकली. शेजारच्या विक्रेत्याला तिने हाताने गप्प केले. बाबा तिच्यासमोरून चालत माझ्यापर्यंत आले.

त्यांनी मागचे डावे दार उघडून फांदी सीटवर ठेवली आणि फिरून आपल्या जागेवर बसले. बुयीने किल्ली फिरवली.

मी वाजले. तार दबलेली होती म्हणून वाजले, मित्रांनो, हे मला तेव्हाही कळत होते. मी गाडी आहे, मला आत्मे दिसत नाहीत. पण त्या वाजण्याने बाबांचा चेहरा कसा झाला, ते मी आरशात पाहिले आहे. कुणीतरी दार ठोठवावे आणि आत वाट बघणाऱ्याने उठावे, तसे ते हलले. त्यांनी पट्टा ओढला, काट्यांना धक्का न लावता फांदीवरून नेला आणि खटका लावला. मी गप्प झाले.

“निघालो, मुसा,” ते म्हणाले. “आता डावीकडे वळतोय. हा मोठा रस्ता. हे लेडीस्मिथ, इथे तुला पहिला पगार मिळाला होता. हा नदीवरचा पूल. आता खडी लागेल, सांभाळ.”

खडीवर माझे पोट घासले. बुयी रडत होती आणि खड्डे चुकवत होती.

फाटकात आई उभी होती. तिला कुणी काही सांगितले नव्हते. नवी गाडी घेऊन दोघे फिरायला गेली असतील, एवढेच तिला ठाऊक होते. बाबांनी पट्टा सोडला आणि मी पुन्हा वाजू लागले. त्यांनी फांदी उचलली तेव्हाच थांबले. आईने फांदी पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिले. त्याला बोलता येत नव्हते आणि तिने त्याला काही विचारलेही नाही. ती फांदीच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, “उशीर झाला रे तुला.” मग पुढे होऊन तिने झोपडीचे दार उघडले.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला फुतू, म्हणजे मक्याच्या पिठाची मोकळी उकड, आणि आंबवलेले दूध नेहमीसारखेच नेऊन दिले. पण ती त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. कोपऱ्याशी मात्र बोलत असे. आता बाबाही तिच्या शेजारी बसून ऐकत असत.

ठरल्याप्रमाणे बुयीने मला शोरूमला नेले. मेन्झीने समोर उभे राहून तार बदलून घेतली. माझी घंटी शहाणी झाली. पाव ठेवला, वर्तमानपत्र ठेवले, मी गप्प. पिल्लेबाईंनी पहिल्यांदाच माझ्या टपावर प्रेमाने थाप मारली. मला वाटले, आता मी पांढरीच्या तोडीची झाले.

नंतरची वर्षे कष्टाची होती आणि चांगली होती. औषधांच्या पेट्या, कळा येणाऱ्या बायका, तान्ही बाळे, सगळे मी वाहिले. एक बाळ तर माझ्या मागच्या सीटवरच जन्मले, आणि त्याच्या आजीने सगळ्या वस्तीत माझी वाहवा केली. पण खडीने आपले काम केले. माझे पोट खरवडले, दाराची मूठ सैल झाली, स्प्रिंगा कुरकुरू लागल्या. शेवटी बुयीने दुसरी गाडी घेतली. कुठली ते सांगायला नकोच. उंच, पांढरी, मोठ्या डिकीची! ती अंगणात उभी राहू लागली आणि मी मागच्या शेडमध्ये गेले. बुयी चुकली असे मी म्हणणार नाही. पण शेडच्या दाराशी पावले वाजली की मी अजून कान टवकारत असे, आणि दर वेळी ती कोंबड्यांना दाणे टाकायला आलेली असे.

या हिवाळ्यात बाबा लेडीस्मिथच्या दवाखान्यात वारले. भाऊबंद म्हणाले, चुलत्याला बोलावू, फांदी पुरुषाने धरावी. बुयी म्हणाली, मी धरते. पांढरी अंगणात पुसून तयार होती. बुयी तिच्यावरून पुढे आली आणि शेडमध्ये शिरली. तिने कोंबड्या हाकलल्या, बॅटरी बदलली, मला धुतले. मग तिने मेन्झीला फोन केला. त्याचे आता स्वतःचे गॅरेज आहे, केस पिकले आहेत, जीभ तशीच आहे. पण त्या दिवशी गाडी चालवायला तो आला तो एक शब्द न बोलता.

दवाखान्याच्या दारातून बुयी फांदी घेऊन बाहेर आली. तिने ती मागच्या डाव्या सीटवर ठेवली आणि शेजारी, बाबांच्या जागेवर बसली. मेन्झीने किल्ली फिरवली.

दोघेही थांबली. मेन्झीने गिअर टाकला नाही. ती कशाची वाट बघत होती ते मला समजले, आणि मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण माझ्यातली तार बरोबर होती. मला कळत होते की ती नुसती फांदी आहे. मी गप्प राहिले. एवढी लाज मला त्या कोपऱ्यात न विकली जाऊन उभे असतानाही वाटली नव्हती.

मेन्झीने मान खाली घातली. बुयीने एक क्षण सीटकडे पाहिले. मग तिने हात लांब करून पट्टा ओढला, काट्यांना धक्का न लावता फांदीवरून नेला आणि खटका लावला.

“निघालो, बाबा,” ती म्हणाली. “हे फाटक. आता डावीकडे वळतोय.”

मित्रांनो, जुन्या गाडीने सांगायचे ते मी सांगतेच. तिचे तेलपाणी बघा, ती अंगणात नको झाली तरी महिन्यातून एकदा तिचे इंजिन सुरू करा. पण त्याहून एक मागणे आहे. तुमच्या गाडीत उत्तम घंटी असेल, कुणी बसले की ती बरोबर वाजेल. तिच्यावर सगळे सोडू नका. निघण्यापूर्वी एकदा मागे वळून बघा, कुणाची जागा राहिली तर नाही ना, आणि राहिली असेल तर आपल्या हाताने पट्टा लावा. त्या दिवशी खडीवर माझे पोट पुन्हा घासले. मेन्झी खड्डे चुकवत होता आणि मागे बुयी सांगत होती, “पूल मागे गेला, बाबा. आता आपलं गाव दिसेल.”